घरटी एक माणूस

अभिमन सरांचं पत्र जळगावच्या पेपरात छापून आलं त्या सकाळी त्यांनी दोनदा दाढी केली, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे. सरांना ते मान्य नाही. धरणगावच्या ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पेपरात नाव आल्याचं काय कौतुक, असं ते म्हणतात. पण मग घरात चांगली सायकल असताना ते त्या दिवशी एस.टी.च्या थांब्यापर्यंत चालत का गेले, आणि तेही मारुतीच्या पाराला वळसा घालून, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

नव्वद सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रोजगारासाठी दिल्लीनं बराच पैसा काढला होता आणि तो थेट ग्रामपंचायतींच्या हातात येणार होता. या पैशाची वाटणी कशी व्हावी, हा सरांच्या पत्राचा विषय. साहेबांनी वरून ठरवू नये, गावाला ठरवू द्यावं, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, 'न्यायानं वाटणी कशी करावी हे सामान्य माणसाला उपजतच कळतं.' संपादकांनी पत्राचा मधला भाग उडवला, सरांनी रात्र जागून जमवलेली आकडेवारी उडवली, पण हे वाक्य मात्र ठेवलं. त्यांनी आकडेवारी ठेवून हे वाक्य उडवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

"फोटो नाही छापला?" प्रमिलाबाईंनी पत्र वाचून विचारलं. प्रमिलाबाई म्हणजे सरांच्या पत्नी. माहेर धुळ्याचं. त्या रागावल्या की भांडत नसत, धुळ्याला जाणाऱ्या एस.टी.ची वेळ मोठ्यानं म्हणत.

शेजारचे जीवराम नाना दुधाची कासंडी घेऊन आले होते. त्यांनी पेपर उलटासुलटा करून पाहिला. "चांगलं लिखेल शे, सर. पन गावनं नाव कोठे शे?"

पत्राखाली 'काळपिंपरी, ता. एरंडोल' असं बारीक अक्षरात होतं. सरांनी त्यावर बोट ठेवलं. नाना म्हणाले, एवढ्या बारीक अक्षरातलं गाव सरकारला दिसायचं नाही.

सरकारला ते बरोब्बर दिसलं. आठवडाभरात पंचायत समितीतून सरपंचांना निरोप आला, की तुमच्या गावात एक विचारवंत आहेत, त्यांना देखरेख समितीचं अध्यक्ष करा आणि पैसा कसा वाटायचा ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली ठरवा. काम मराठी शाळेपासून नाल्यापर्यंतच्या रस्त्याचं. पावसाळ्यात त्या रस्त्यावर गुडघाभर चिखलाचा गारा व्हायचा, तेव्हा त्यावर मुरूम टाकायचा. अट एकच. पैसा एकतीस मार्चच्या आत खर्च झाला पाहिजे, नाहीतर परत जाईल.

सरपंच झुलाल आबा हा निरोप घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळलेला सरांनी कधी पाहिला नव्हता. आजवर गावातल्या प्रत्येक कामाच्या शिव्या आबांनी एकट्यानं खाल्ल्या होत्या. "आते तुम्हीच देखा, सर," ते म्हणाले आणि चहा न घेताच गेले. चहा न घेता गेलेला सरपंच ही धोक्याची खूण असते, पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात ती कुठे दिलेली नाही.

मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. काम थोडं आणि हात जास्त, तेव्हा कोणाला घ्यायचं हा प्रश्न. कोणी म्हणालं चिठ्ठ्या टाका. कोणी म्हणालं भूमिहीनांनाच द्या, त्याबरोबर ज्यांच्याकडे जमीन होती त्यांनी ती किती नापीक आहे हे सांगायला सुरुवात केली. जीवराम नानांची वीस एकर काळी कसदार जमीन अर्ध्या तासात माळरान झाली. रस्ता आपल्या खळ्यावरून नेला तर बठ्ठ्या, म्हणजे अख्ख्या गावाची सोय होईल, असंही नानांनी जाता जाता सुचवलं.

मग अभिमन सर उठले. गेले दोन दिवस ते आरशासमोर ज्याची तयारी करत होते ते त्यांनी सांगितलं. श्रीमंत नाही, गरीब नाही, भाऊबंदकी नाही, वशिला नाही. प्रत्येक घराला सारखा हक्क. घरटी एक माणूस.

टाळ्या पडल्या. घरटी एक माणूस हे गावाला चटकन समजलं, कारण लग्नाकार्याच्या आवतनाची ती नेहमीचीच भाषा. चूलबंद आवतन म्हणजे सगळं घर जेवायला, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही. घरटी माणूस म्हणजे घरातून एकानं यायचं. आपण लोकांच्या भाषेत बोललो याचा सरांना फार आनंद झाला. ग्रामसेवक रतिलाल यांनीही मान डोलावली. नियमात बसतंय, असं ते म्हणाले. नियमात बसतंय म्हणताना रतिलाल नेहमी जरा खिन्न दिसत.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. "भाऊ, आमना घरमाथून कोन यी?"

या मंजुळाबाई. जीवराम नानांच्या मयत धाकट्या भावाची बायको. पन्नाशीच्या, काटक, आवाज खणखणीत. नानांच्या घरात त्या पहाटेपासून राबत. शेतात, गोठ्यात, चुलीपुढे. घरच्याच असल्यामुळे मजुरी द्यायचा प्रश्न नव्हता. त्यांची एकुलती एक लेक बोदवडला दिली होती. दिवाळीनंतर तिला मुलगी झाली. मंजुळाबाईंनी अजून नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. गाडीभाडं मागितलं की नाना म्हणायचे, कापूस विकला जाऊ दे. कापूस विकला गेला, तेव्हा म्हणाले, गहू निघू दे. आता मंजुळाबाईंनी मागणं बंद केलं होतं. स्वतःच्या हातच्या पैशानं बोदवडला जायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि त्या हे विहिरीवर, दळणाच्या गिरणीत, सगळीकडे बोलूनही दाखवत होत्या.

"तुमच्या घरातून एक जण, अक्का," सर म्हणाले.

"ते समजनं. पन कोन?"

"ते तुमचं घर ठरवेल."

"मंग समजनं," मंजुळाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या हसल्या का, हे सरांना कळलं नाही. त्या वेळी ते टाळ्यांमध्ये होते.

सोमवारी सकाळी सर कामावर पोचले. कॉलेजातून त्यांनी हक्काची रजा घेतली होती. शाळेजवळच्या निंबाखाली गाव जमलं होतं, पण ते पाहून सर जागीच थांबले. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, खांद्यावर कडक उपरणी. घरोघरचा सगळ्यात वडीलधारा माणूस आलेला. दोघांना नातवांनी हाताला धरून आणलं होतं. एकानं पानाचा डबा उघडला होता आणि जीवराम नाना मांडी घालून पंगतीत बसल्यासारखे बसले होते.

"नाना, हे काय?"

"घरटी आवतन व्हतं. मी उनू."

"अहो, पण काम करायचंय! मुलांना पाठवायचं ना."

नानांना या अज्ञानाचं वाईट वाटलं. "घरटी म्हनतस तव्हय मोठा मानूस जास, सर. पोरेसले धाडं तर लोके म्हनतीन, घरमा मोठं मानूस नही का?" बाकीच्या टोप्या हलल्या. मागच्या आळीतल्या नथ्थूचे वडील, ज्यांना दुपारनंतर दिसत नसे, म्हणाले की सरांनी इतक्या मानानं बोलावलं म्हणून आलो, नाहीतर या वयात कोण कुठं जातं.

सरांनी घाईघाईनं रतिलालकडे पाहिलं. रतिलाल मस्टर मिटत होते. सगळ्यांची नावं चढली होती, अंगठे उमटले होते.

"बदला नावं," सर म्हणाले.

"मस्टरवर नाव चढलं की आठवडा संपेपर्यंत खोडता येत नाही. खाडाखोडीचं उत्तर ऑडिटला मी देतो, सर. पेपरात पत्रं लिहिणारे देत नाहीत."

हे 'पत्रं लिहिणारे' सरांच्या जिव्हारी लागलं, पण नियमापुढे इलाज नव्हता. तो आठवडा काळपिंपरीचा रस्ता गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसांनी बांधला. म्हणजे काय, तर नानांनी घमेल्यात मुरमाचे चार खडे घेतले, ते नेऊन टाकले आणि सावलीत बसून दुसऱ्यांना खडे मोजायला लावले. एकाला चक्कर आली. त्याला पाणी पाजायला पाच जण उठले, आणि त्याला एवढ्या लोकांनी पाणी पाजलं म्हणून दुसऱ्यालाही चक्कर आली. खानदेशातला मार्च म्हणजे काय ते ठाऊक असणाऱ्याला हे नवल वाटायचं नाही. अखेर सरांनीच कुदळ हातात घेतली. अध्यक्ष खणतोय हे पाहून म्हाताऱ्यांना फार बरं वाटलं आणि ते सरांना कुदळ कशी धरावी हे सांगू लागले. प्रत्येकाची धरायची रीत वेगळी होती.

आठवड्याच्या शेवटी सरांच्या दोन्ही हातांना फोड आले. रस्ता शाळेच्या फाटकापर्यंत गेला होता, म्हणजे जिथून सुरू करायचा होता तिथपर्यंत.

"साडेनऊची धुळे गाडी अमळनेरवरून जाते," प्रमिलाबाई हळद लावता लावता म्हणाल्या. "आणि न्हाणी? चार वर्षं झाली, अंगणात विटा येऊन पडल्यात. घरची न्हाणी बांधायला तुम्हाला हात नाहीत. सरकारचा रस्ता खणायला आहेत."

विटांचा तो ढीग अंगणात खरंच चार वर्षं होता. त्यावर आता भोपळ्याचा वेल चढला होता. सरांनी हळदीसाठी दुसरा हात पुढे केला. त्या हातांत वीटही धरता येत नव्हती, मग तोंड उघडून काय उपयोग.

दुसऱ्या आठवड्यासाठी त्यांनी नियम सुधारला. घरटी एक, पण काम करू शकणारा. ही दुरुस्ती पारावर सांगताना सरांना वाटलं, आता प्रश्न सुटला. पण तोपर्यंत गावानं दुसरीकडे डोकं चालवलं होतं. घर म्हणजे काय, असा प्रश्न कोणीतरी रतिलालना विचारला, आणि रतिलालनी नियमात पाहून सांगितलं की ज्याची चूल वेगळी त्याचं घर वेगळं.

दुसऱ्या दिवशी काळपिंपरीवर धुराचा ढग आला. पिढ्यान्‌पिढ्या एका चुलीवर जेवणारी घरं एका रात्रीत विभक्त झाली. ओसरीवर चूल, गोठ्यात चूल, जिन्याखाली चूल. नथ्थू आणि त्याचा धाकटा भाऊ यांनी वेगळं व्हायला काही कारण हवं म्हणून सकाळी रस्त्यात उभं राहून खोटं भांडण केलं. दुपारी सर तिथून गेले तेव्हा नथ्थूच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं.

"सकायपाईन खोटंच व्हतं, सर," नथ्थू म्हणाला. "मंग त्यानी मना मायना पाटा-वरवंटाले हात लावा." आतून धाकटा ओरडला की पाटा-वरवंटा त्याच्या आईचाही होता. त्या दिवसापासून ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. आजही नाहीत. सरांनी अर्थशास्त्रात सरकारी खर्चाचे परिणाम पुष्कळ शिकवले होते, पण त्यात पाटा-वरवंटा नव्हता.

रतिलालना आता कागदावर खात्री हवी होती. प्रत्येक नवी चूल खरी आहे का, हे अध्यक्षांनी स्वतः पाहून सही करायची. सर घरोघर निघाले. खरी चूल दाखवायची तर ती पेटलेली दाखवली पाहिजे, आणि पेटलेल्या चुलीवर काहीतरी शिजलं पाहिजे, आणि शिजलेलं अध्यक्षांनी खाल्लं पाहिजे. नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्या चुलीवर चहा. दुसऱ्या चुलीवर चहा, पण पहिल्यापेक्षा गोड, कारण जावांमध्ये चढाओढ. तिसऱ्या चुलीवर शेवेची भाजी, तिखट लाल, वरून तेलाचा तवंग. पुढे खिचडी, त्यापुढे कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा, त्यापुढे पुन्हा चहा. एका घरी नव्या सुनेनं चुलीची पूजा मांडली होती, तेव्हा तिथे प्रसादाचा शिराही झाला. जीवराम नानांच्या घरी चार चुली निघाल्या. नानांची, आणि तीन मुलांची. प्रत्येकीवर वेगळं भरीत, आणि प्रत्येक सून पदर सावरून उभी.

चौथ्या भरितावर सर बसले असताना मागच्या दारातून मंजुळाबाई आल्या. "भाऊ, मनी चूल कोन मोजी?"

"तुमची वेगळी चूल आहे का, अक्का?"

"नही. ती कोनी मांडू दिन्ही का माले?"

नाना म्हणाले, "ती कोठे वेगळी शे? ती आमनीच शे." हे ते इतक्या प्रेमानं म्हणाले की सरांनाही क्षणभर बरोबर वाटलं. शिवाय पोटात चार भरितं होती. माणसाला विचार करायला पोटात थोडी जागा लागते.

"कर्त्या माणसानं विभक्त असल्याचं सांगितलं तर मला लिहिता येईल," सर म्हणाले.

"चूल पेटाडाले बी सही लागस का?" मंजुळाबाईंनी विचारलं. सर भरितात भाकर फिरवत राहिले, तशा त्या पुढे म्हणाल्या, "पैसा घरले भेटस, भाऊ. घरमानी बाईले नही भेटस. हाऊ तुम्हना न्याय." आणि त्या गोठ्यात निघून गेल्या.

सरांना राग आला. पत्रात छापलेला न्याय आपण भरीत खात असताना एका बाईनं तोंडावर मारावा, हे त्यांना फार लागलं. घरी येऊन त्यांनी प्रमिलाबाईंना सगळं तावातावानं सांगितलं. की नियम मी केला नाही, चूल मी मोजत नाही, मला माझ्या खिशातून कोणाला बोदवडला पाठवता येत नाही. प्रमिलाबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्यांनी त्या दिवशी धुळ्याच्या गाडीची वेळ सांगितली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आज इथली चूल बंद. तुम्ही चार घरचं खाऊन आलात." सरांनाही तेच हवं होतं. रात्रभर त्यांचं पोट ज्या आवाजात बोलत होतं, त्यावरून शेवभाजीचं आणि शिऱ्याचं पटलेलं नव्हतं हे उघड होतं.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तालुक्याहून साहेबांची जीप आली. तोवर काळपिंपरीतली घरं दुप्पट झाल्याचा कागद तालुक्याला पोचला होता. माणसं तेवढीच, घरं दुप्पट, असं गाव साहेबांनी पाहिलं नव्हतं. ते रागावून आले होते. खोट्या चुलींच्या नावानं पैसा उचलला असेल तर काम बंद करून पैसा परत पाठवीन आणि गुन्हा दाखल करीन, हे त्यांनी जीपमधून उतरायच्या आधीच सांगितलं.

गुन्हा हा शब्द सरांच्या कानांत पडायच्या आत गावभर पोचला होता. साहेब पहिल्या घरात शिरले तेव्हा ओसरीवरच्या चुलीत कोंबडी अंडी उबवत होती. "ही कोणाची चूल?" घरधनी म्हणाला, कोंबडीची. दुसऱ्या घरी जिन्याखालची चूल नुकतीच पाणी ओतून विझवलेली, अजून वाफ निघत होती. "आमनं एकच घर शे, साहेब. पयलेपाईन." तिसऱ्या घरी तर सगळे भाऊ एका ताटाभोवती असे चिकटून बसले होते की हात कोणाचा आणि तोंड कोणाचं ते कळत नव्हतं. नथ्थू आणि त्याचा भाऊसुद्धा एका बाजेवर बसले. तोंडं मात्र दोघांची दोन दिशांना होती. सरांच्या इतक्या सह्या, इतका चहा, इतका ठेचा. सगळं एका तासात वाया गेलं. साहेब प्रत्येक घरातून बाहेर येताना सरांकडे बघत होते आणि सर प्रत्येक घरातून बाहेर येताना जमिनीकडे बघत होते.

"वा, सर," साहेब म्हणाले. "सामान्य माणसाला उपजतच कळतं, नाही का?"

शेवटचं घर जीवराम नानांचं. आत चारांची एक चूल झाली होती आणि नाना दारात हात जोडून उभे होते. साहेब मागे वळणार, एवढ्यात बोळाच्या तोंडाशी धूर दिसला.

नानांच्या कुंपणाबाहेर, बोळात, तीन विटांची चूल मांडलेली होती. वर काळा तवा. मंजुळाबाई भाकर थापत होत्या. जीप, साहेब, गाव, कोणाकडे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. भाकर उलटायची वेळ झाली होती, ती उलटली.

"ही कोणाची चूल?" साहेबांनी विचारलं.

"आमनीच बाई शे, साहेब," नाना घाईनं म्हणाले. "रागे भरायनी. आमनं घर एकच शे."

"मनी चूल शे," मंजुळाबाई म्हणाल्या. "सकायपाईन मनी शे."

साहेब सरांकडे वळले. "अध्यक्ष, बोला. हे वेगळं घर आहे की नाही?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. सरांच्या घरी जीवराम नानांचं दूध वीस वर्षं येत होतं. सरांचं लग्न नानांनी जमवलं होतं. सर कॉलेजात शिकत असताना त्यांच्या वडलांच्या आजारपणात रात्री-अपरात्री बैलगाडी जुंपून धरणगावला नेणारेही नानाच. नाना आता सरांकडे बघत होते. आपल्याच माणसाकडे बघावं तसे बघत होते, आणि उत्तर काय येणार याची त्यांना शंकासुद्धा नव्हती. सरांना वाटलं, जमीन दुभंगावी. आयुष्यभर वर्गात न्याय शिकवला, पण फळ्यासमोर उभं राहून शिकवताना समोर शेजारी नसतो.

मग त्यांचं लक्ष त्या विटांकडे गेलं. विटांच्या एका बाजूला हिरवट शेवाळ होतं आणि एकीला भोपळ्याच्या वेलाचा वाळका तणावा चिकटलेला होता. सरांनी हळूच मागे पाहिलं. गर्दीत प्रमिलाबाई उभ्या होत्या. त्या बोळातल्या निंबाच्या झाडाकडे बघत होत्या, इतक्या लक्षपूर्वक की जणू तिथे काहीतरी लिहिलेलं होतं.

"वेगळं घर आहे," सर म्हणाले. आवाज जरा चिरका निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. "वेगळं आहे. लिहा, रतिलाल."

"कर्त्याची संमती?" रतिलालनी विचारलं.

"कर्ती समोर भाकर भाजते आहे. तिलाच विचारा."

मंजुळाबाईंनी पिठाचा अंगठा मस्टरवर उमटवला. ऑडिटला तो अंगठा पांढरा दिसला तर काय सांगायचं, याची काळजी रतिलाल पुढे कित्येक महिने करत होते.

नाना घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

साहेबांचा राग थोडा उतरला होता. अख्ख्या गावात एक तरी चूल खरी सापडली होती. त्यांनी तिथेच ठरवलं, की घर नाही, चूल नाही, वडीलधारा नाही. उद्या सकाळी जो कुदळ-घमेलं घेऊन हजर राहील त्याचं नाव मस्टरवर. सर दीड महिना ज्याच्या मागे होते ते साहेबांनी जीपच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता सांगून टाकलं. सरांनी यावरही विचार केला, की मग पत्रात लिहिलेलं 'साहेबांनी वरून ठरवू नये' हे कुठे गेलं. पण हा मुद्दा त्यांनी तेव्हा मांडला नाही.

उरलेल्या दिवसांत रस्ता झाला. ज्यांना खरंच गरज होती ती माणसं आणि बाया आल्या, बाकीच्यांना उन्हात घमेली उचलायची हौस नव्हती. मंजुळाबाई सगळ्यांच्या आधी येत आणि सरांना सावलीत उभं राहायची परवानगी देत. रस्ता नाल्यापर्यंत सरळ गेला. फक्त शाळेच्या फाटकाजवळ एक वळण राहिलं, पहिल्या आठवड्यातलं, अध्यक्षांनी स्वतः खणलेलं. आजही पावसाळ्यात तेवढ्याच जागी पाणी साचतं.

एक एप्रिलला मंजुळाबाई धरणगावहून पॅसेंजरनं बोदवडला गेल्या. पंधरवड्यानं आल्या. तोपर्यंत काळपिंपरीतल्या बठ्ठ्या नव्या चुली मोडल्या होत्या, माती अंगणात सारवली गेली होती आणि गाव पूर्वीसारखं झालं होतं. मंजुळाबाईंनी बोळातली आपली चूल मात्र पुन्हा पेटवली. नाना गावभर म्हणत होते, "सरकारनी काय करं नही. अभिमन सरनी मनं घर फोडं." हे सरांच्या कानांवर रोज येत होतं. पूर्वी असं काही ऐकलं की त्यांची जेवणावरची वासना जायची. आता जात नव्हती, याचं त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं.

त्या संध्याकाळी सर आणि प्रमिलाबाई बोळातून जात होते. मंजुळाबाईंनी हाक मारून बसवलं. चहा ठेवला. नात अगदी आपल्या आईवर गेली आहे, पण रडते मात्र आज्जीसारखं, हे सगळं सांगून झालं. मग त्यांनी कप पुढे केले. चहा काळा होता.

"दूध नही शे, भाऊ. नानानी बंद करं."

"आमचंही," सर म्हणाले.

प्रमिलाबाई आधीच एक घोट घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. सरांनी चुलीकडे पाहिलं. आता तीन विटा नव्हत्या. बाजूला दुसऱ्या भांड्यासाठी वैल जोडला होता, त्यावर डाळ शिजत होती, आणि मागच्या बाजूला वाऱ्याला आडोसा म्हणून चांगली कंबरभर भिंत उभी राहिली होती. सगळ्या विटा शेवाळलेल्या.

सरांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पुन्हा निंबाकडे पाहायला सुरुवात केली होती.

"अजून लागल्या तर सांगा, अक्का," सर म्हणाले आणि त्यांनी काळा चहा फुंकून प्यायला.